चार बोटं उघडी

बुधवार, ६ मार्च

आत्याबाईंना नमस्कार,

तुम्ही मला पाहिलेलं नाही. मी तुमच्या धाकट्या भावाची सून, बेकरीतली. लग्नाला तुम्ही आला नव्हता, पण पितळेचा डबा पाठवला होतात. त्यात मी आता मुलीची अंगडी ठेवते.

मी चौथीपर्यंत शिकले. वाण्याची यादी सोडून कधी काही लिहिलं नाही, तर चुकेल तिथे हसू नका. हे म्हणाले, "तूच लिही आत्याला, तुला वेळ आहे." दोन महिन्यांचं मूल असलेल्या बाईला वेळ कसला, असं कुणीही म्हणेल. पण खरं सांगू का, आहे मला वेळ. आमची बबडी रडतच नाही.

काम असं आहे. टोस्टची पाकिटं नवीन छापायची आहेत. छापखानेवाला म्हणतो, बेकरीला साठ वर्षं झाली, तर पाकिटामागे चार ओळी टाका, कुणी काढली, कशी काढली. मामंजींना विचारलं तर ते तोंडात गुळणी धरल्यासारखे बसतात. फेब्रुवारीत ते भट्टीपाशी स्टुलावरून पडले, कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून पुढच्या खोलीत पलंगावरच आहेत. आधीच कमी बोलायचे, आता तर विचारूच नका. एवढंच म्हणाले, "माझ्यापेक्षा ताईला जास्त ठाऊक." म्हणून तुम्हाला त्रास.

आमची खोली भट्टीच्या मागे. पलंगाकडची भिंत म्हणजे भट्टीची पाठ. तुम्हाला माहीतच असेल. तिला हात लावला की झोपलेल्या गाईच्या पोटाला हात लावल्यासारखं वाटतं. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, माझी आई पण नाही. या घरात मला पहिली कुणी आपली वाटली असेल तर ही भिंत. बबडी सव्वादोन किलोची झाली, नर्सबाई म्हणाली ऊब द्या, तर पाळणा भिंतीलाच टेकवून ठेवलाय. साठ वर्षांत भट्टी एकदाही विझली नाही म्हणे. सोमवारी बेकरी बंद, तेव्हासुद्धा निखाऱ्यांवर राख ओढतात, भट्टीच्या तोंडाला पत्रा लावतात, धुराड्याची झडप साखळीने खाली घेतात, आणि विस्तव मंगळवारपर्यंत जपतात.

परवा सोमवारी दुपारी माझा डोळा लागला. सासूबाई पायथ्याशी बसून पीठ चाळत होत्या. मी त्यांना फोटोतच पाहिलंय, पण ओळखलं. पीठ माझ्या अंगावर पडत होतं, ऊन ऊन. सगळं घर पांढरं झालं आणि आवाज कशाचाच नाही. मी जागी झाले तेव्हा उन्हं उतरली होती. बबडी तशीच झोपलेली, गाल गुलाबी.

मला भीती वाटते, आत्याबाई. इतकं शहाणं बाळ असतं का? भट्टीवरचे आमचे मोठे मिस्त्री हसतात, "या घरची पोरं रडत नाहीत, पाकिटावर बघा की." पाकिटावरच्या त्या जुन्या फोटोतल्या झोपलेल्या बाळाचा गालही भिंतीलाच टेकलाय. त्याच्या डोक्याखाली एक हात आहे, मनगटापर्यंतच, एक बांगडी घातलेला. तो कुणाचा, ते मला कुणी सांगत नाही. तुम्हाला ठाऊक आहे का?

तुमची सून

*

मंगळवार, १२ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला हसले नाही. हसले ते माझ्या भावाला. "ताईला जास्त ठाऊक" म्हणे! पन्नास वर्षांत ताईला "कशी आहेस" म्हणून विचारलं नाही आणि आता पाकिटासाठी आठवण झाली. कंबरेला शेक देत जा त्याच्या. आणि फार लाड करू नकोस.

आता ऐक. आमचे बाबा दुसऱ्याच्या भट्टीवर कामाला होते. उस्तादाशी बिनसलं नाही काही, नुसतंच त्यांच्या मनात आलं की आपली भट्टी हवी. निघताना त्यांनी उस्तादाकडे एकच वस्तू मागितली, विस्तव. लोखंडी घमेल्यात राख, राखेत निखारे, आणि आई, बाबा, मी असे तिघं पहाटे चालत निघालो. मी नऊ वर्षांची. फुंकर घालायचं काम माझं. धुकं एवढं होतं की बाबा दिसत नव्हते, नुसतं घमेलं दिसायचं, लाल, हवेत चाललेलं. मी त्याच्या मागे मागे. अजूनही कधी डोळे मिटले की मी त्याच रस्त्यावर असते.

भट्टीचा घुमट बाबांनी आत बसून रचला. शेवटची वीट लावली आणि मग लक्षात आलं, बाहेर कसं यायचं? तोंडातून यायला गेले तर पोटाशी अडकले. आईनं आणि मी पाय धरून ओढलं. आई म्हणाली, "पहिला पाव कच्चाच निघाला!" शेवटी दोन विटा काढाव्या लागल्या. भट्टीचं तोंड आज जेवढं आहे ते माझ्या बापाच्या पोटाच्या मापाचं आहे. हे छापा हवं तर.

पहिल्या दिवशी पाव फुगलेच नाहीत. विटांना बरं म्हणावं असे. बाबा डोक्याला हात लावून बसले. आईनं सुरी घेतली, त्याच्या चकत्या केल्या, पुन्हा भट्टीत घातल्या आणि टोस्ट म्हणून विकल्या. लोकांना पावापेक्षा तेच आवडले. मग नदीच्या दोन्ही काठांवर नावेनं डबे जायला लागले. धुक्यात नाव दिसायची नाही, आधी वास यायचा, आणि वासावर माणसं काठाशी येऊन उभी राहायची.

चार ओळींना एवढं पुरे.

फोटोचं मला विचारू नकोस. आणि एक कर. पाळणा त्या भिंतीपासून काढ, खिडकीशी ने. का म्हणून विचारू नकोस. म्हातारीचा हट्ट समज.

आत्या

*

बुधवार, २० मार्च

आत्याबाईंना नमस्कार,

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. हे पोट धरधरून हसले, मिस्त्री तर भट्टीच्या तोंडाशी पोट लावून माप घेऊन आले. मामंजी हसले नाहीत. ते भिंतीकडे तोंड करून पडले, पण झोपले नव्हते.

पाळण्याचं मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "आत्याला मूलबाळ नाही, तिला काय कळतंय. खिडकीतून वारा येतो." रागावू नका. ते मनाने वाईट नाहीत, तोंडाने आहेत. मलाही वाटलं, इतकी ऊब सोडून एवढ्याशा जिवाला खिडकीशी कशी ठेवू? म्हणून पाळणा आहे तिथेच आहे. खोटं लिहवत नाही म्हणून लिहिलं.

पण मन थाऱ्यावर नाही. परवा सोमवारी परत तसंच झालं. जेवून आडवी झाले आणि भिंत श्वास घ्यायला लागली. खरंच, आत बाहेर, आत बाहेर. मग ती नदी झाली. तुमची नाव आली धुक्यातून, तुम्ही नऊ वर्षांच्या होता, फुंकर घालत होता. मला म्हणालात, "चल." मला जायचं होतं. उठताच येईना, हातपाय पिठाच्या गोण्यांसारखे. कशीबशी उठले तर डोकं फुटतंय, उलटी झाली. बबडी दोन वेळचं दूध न पिता झोपलेली. तळवा चोळला, कान ओढला, तेव्हा कुठे तोंड वाकडं केलं तिनं. मंगळवारी एकदम ठीक. आज तर चक्क हसली. नर्सबाई म्हणते, तुम्ही थकलाय, रक्त कमी आहे.

ती भिंतीवरची रेघ बघत बसते. पलंगाच्या मागून एक काळी रेघ वर आली आहे, केसाएवढी, झाडाच्या फांदीसारखी. मी फडक्यानं पुसते, आठवड्यानं परत येते.

दुसरं काही नवीन नाही. भट्टी मात्र हल्ली सोमवारची छान राहते. मामंजी धड होते तेव्हा झडप तेच ओढायचे, दुसऱ्या कुणाला साखळीला हात लावू द्यायचे नाहीत, आणि चार बोटं उघडी ठेवायचे. का, ते सांगायचे नाहीत. ते ओढतानाच तर स्टुलावरून पडले. आता हे ओढतात. हे म्हणतात चार बोटं कशाला, ऊब वाया. पूर्ण लावतात. मंगळवारी पहाटे राख बाजूला केली की निखारे डाळिंबाच्या दाण्यांसारखे.

मला खरं सांगा, माझ्या मुलीला काही झालंय का?

तुमची सून

*

तार. शनिवार, २३ मार्च

बाळ खोलीतून बाहेर काढा. झडप उघडा. भट्टी विझवा. सोमवार येऊ देऊ नका. ताई.

*

शनिवार, २३ मार्च

सूनबाई,

तार करून आत्ताच घरी आले. ती आधी पोचेल. हे पत्र मागून येईल. तेव्हा तुम्ही दोघी कशा असाल, ते मनात आणायचं नाही असं ठरवून लिहितेय.

तुझ्या मुलीला काही झालेलं नाही. तुलाही नाही. ते सगळं भट्टीचं आहे. झडप पूर्ण लावली की निखाऱ्यांची वाफ कोंडते. तिला वास नाही, रंग नाही, धूर नाही. तिला जायला वाट लागते. वर वाट नसली की ती भिंतीतली चीर शोधते. ती तुझी काळी रेघ. माणसाला आधी झोप येते, छान स्वप्नं पडतात, कुणी कुणी भेटायला येतं. गाल गुलाबी होतात. सगळं सोमवारीच का होतं, हे मी तुझ्या पहिल्याच पत्रात ओळखायला हवं होतं. मला वाटलं, भाऊ आहे, तो चार बोटं ठेवतोच. म्हणून "खिडकीशी ने" एवढंच लिहिलं आणि तोंड लपवलं.

आता फोटोचं सांगते. तो हात माझा आहे. बाळ आमचा सगळ्यात धाकटा भाऊ, तान्हू, तुझ्या मामंजींच्या पाठचा. तो झाला आणि आई गेली. मी एकोणीस वर्षांची. पोटचा नव्हता, पण माझ्याशिवाय कुणाकडे राहायचा नाही. आमच्या वेळी खोलीत तीच ऊब, तोच पलंग. फोटोवाला आला तेव्हा तान्हू अजून मान धरत नव्हता म्हणून मी खाली हात दिला.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका सोमवारी बाबा तुझ्या मामंजींना घेऊन पीठ आणायला पलीकडच्या काठाला गेले. झडप मला ओढायला सांगून गेले. अर्धी ठेवली की विस्तव बसतो आणि मध्येच उठून लाकडं घालावी लागतात. तान्हू दात येतात म्हणून तीन दिवस झोपला नव्हता, मीही नाही. मला नुसतं झोपायचं होतं, सूनबाई. मी झडप पूर्ण ओढली. मग आम्ही दोघं भिंतीला लागून झोपलो. मला आई दिसली. ती गात होती.

मी उठले. तो उठला नाही.

डॉक्टर म्हणाले, काळीज कमजोर. बाबांनी धुराडं पाहिलं, झडप पाहिली, मला काहीच विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत ती भिंत स्वतः लिंपून काढली. त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्षाच्या आत माझं लग्न लांब लावून दिलं. आणि सहा महिन्यांनी इथल्या वाण्याकडे टोस्टचं पाकीट आलं, त्याच्यावर तान्हू आणि माझा हात. मला वाटलं, ही शिक्षा. जिथे जाईन तिथे, प्रत्येक फळीवर. त्या दिवसापासून मी टोस्ट खाल्ला नाही आणि त्या घराची पायरी चढले नाही.

तुझा नवरा म्हणतो मला काय कळतं. बरोबर आहे त्याचं. कळत होतं ते मी पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नाही.

पत्र आलं की एक ओळ लिही. एकच. चांगली असो, वाईट असो.

आत्या

*

बुधवार, ३ एप्रिल

आत्याबाई,

आधी तीच ओळ लिहिते. बबडी आहे. रडतेय. आत्ता हे लिहितानाही रडतेय.

तुमची तार शनिवारी निघाली, पण रविवारी तारघर बंद. ती सोमवारी दुपारी आली. बेकरी बंद, हे बाजारात गेलेले, मिस्त्री घरी. मी आणि बबडी आत. मला स्वप्नात सायकलची घंटा ऐकू येत होती. मला वाटलं सासूबाई टोस्टचा डबा वाजवतायत. मी म्हणाले, येते, येते, आणि परत खाली खाली जात राहिले. किती मऊ होतं ते! आता आठवलं की अंगावर काटा येतो, कारण मला मुळीच भीती वाटत नव्हती.

पोस्टमन घंटा वाजवून कंटाळला आणि त्यानं पुढच्या खिडकीतून तार मामंजींच्या पलंगावर टाकली. मामंजी सहा आठवडे उठले नव्हते, आत्याबाई. डॉक्टरांनी पाय खाली टेकू नका म्हणून सांगितलेलं. ते काठी घेऊन, भिंत धरून, शेवटी जमिनीवर बसून सरकत आमच्या दारापर्यंत आले. दाराला आतून कडी. मग परत मागे, अंगणातून, आणि काठीनं खिडकीची काच फोडली. पोस्टमन आवाज ऐकून परत आला, तोच आत उतरला. आम्हाला दोघींना त्यानं अंगणात आणून ठेवलं.

मला आठवतंय ते एवढंच की वर आभाळ होतं, फार मोठं आणि गार. आणि मामंजी चिखलात बसून बबडीचे पाय चोळतायत, "रड गं, रड की बये, शिव्या दे मला" असं म्हणत. तो माणूस वर्षात माझ्याशी एवढे शब्द बोलला नव्हता. ती निळी नव्हती, गुलाबीच होती, बाहुलीसारखी. मग तिनं तोंड उघडलं. आधी आवाज नाही आला. मग आला.

दोन दिवस इस्पितळात तिच्या नाकाला नळी होती. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास झाला असता तर. मी तिच्या तळव्याला हात लावून पाहिला.

भट्टी त्याच संध्याकाळी विझवली, मिस्त्रींनी मला नंतर सांगितलं. मामंजींनी खुर्ची भट्टीसमोर ठेवायला लावली आणि पहिली बादली स्वतः ओतली. केवढा फूत्कार झाला! गल्लीतली माणसं धावत आली. हे कोपऱ्यात उभे राहून लहान मुलासारखे रडत होते. तीन दिवस भिंत कोमट होती. चौथ्या दिवशी मी हात लावला तर नुसती भिंत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग बबडी किंचाळली आणि मी पळाले.

तुमचं पत्र मी मामंजींना वाचून दाखवलं. विचारून वाचलं.  मग म्हणाले, "बाबांनी मला चार बोटं शिकवली. का, ते नाही शिकवलं. मरताना पण एवढंच म्हणाले, झडपेला दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नको. मला वाटायचं, ताईला घराचा कंटाळा आला म्हणून येत नाही." आणि मग हाताचं सांगितलं. तुम्हाला हे ठाऊक नसेल म्हणून नीट लिहिते. छापखानेवाल्याला नुसतं बाळ हवं होतं, तो म्हणाला मध्येच हा हात बरा दिसत नाही, कापू. तुमचे बाबा त्याच्या अंगावर धावून गेले. म्हणाले, "हात राहिला तर फोटो छाप, नाहीतर राहू दे. त्या पोराला धरणारं दुसरं कोण होतं?" मामंजी तेव्हा बाबांचं बोट धरून तिथेच उभे होते.

गवंडी आलाय. नवी भट्टी अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, कुठल्याच खोलीला न चिकटता. तोंड मात्र जुन्याच मापाचं, मामंजींनी दोरीनं मोजून दिलं. हे त्या चार ओळी छापायला विसरलेत, मीही आठवण केली नाही. पण नव्या भट्टीच्या साखळीशेजारी लावायला मी एका फळीवर रंगानं लिहिलंय, माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात. "झडप चार बोटं उघडी ठेवा. पूर्ण लावली तर माणूस मरतो. या घरात एक बाळ गेलं आहे." मिस्त्री म्हणाले, गिऱ्हाईक वाचेल. मामंजी म्हणाले, "वाचू दे."

बबडी झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरते, तासाला दहा वेळा. ती वैतागून उठते आणि आमचे कान किटवते. ही भीती कधी जाते का हो? तुमची गेली?

मामंजी म्हणतात, नव्या भट्टीला विस्तव बाहेरून आणायचा, जसा आणला होता तसा. तो तुम्ही आणायचा म्हणतात. चौदा तारखेला भट्टी पेटवायची आहे, त्याच्या आत. त्यांनी हे स्वतः लिहायला घेतलं होतं, "ताई" एवढंच लिहिलं आणि कागद मला दिला. तो सोबत पाठवतेय.

तुमची सून

*

मंगळवार, ९ एप्रिल

सूनबाई,

भीती जात नाही. बोट धरत जा.

माझ्याकडे गॅस आहे, विस्तव कुठून आणू? काडेपेटी घेऊन येते. शुक्रवारच्या दुपारच्या बसनं. भावाला सांग, घ्यायला येऊ नको, कंबर मोडलीय तुझी. मला वाट ठाऊक आहे.

साखळीला मी हात लावणार नाही. तू लावायचास.

काल वाण्याकडून एक पाकीट आणलं. पन्नास वर्षांनी. चहात बुडवून अर्धा टोस्ट खाल्ला. थोडा जास्त भाजलाय, मिस्त्रींना सांग.

आणि शुक्रवारी दुपारी कुणी बबडीला गप्प करायला जाऊ नका. बसमधून उतरले की मला कोपऱ्यापासून ऐकू आलं पाहिजे.

आत्या